आरएक्स १०० चं मॅग्नेट साइडचं क्रँक ऑईल सील घरी कसं बदलायचं

अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद तसंच रेस पकडून राहतं आणि मग सावकाश उतरतं, असं जुन्या टू-स्ट्रोक गाडीत दिसलं की कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायच्या आधी थांबा. मी थांबलो नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे, १९९४ ची, जीजे ६ पासिंग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दीड दिवस टाकीपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर आम्ही कार्ब्युरेटर साफ केला, गियर ऑईल दोनदा बदललं, प्लग सुकवला, टाकी रिकामी केली आणि गाडी सातव्या-आठव्या किकला चालू झाली. बाबा इतके खूश झाले की त्या दिवशी खंडेराव मार्केटपर्यंत तिच्यावरच जाऊन आले. पण मॅग्नेटचं, म्हणजे इंजिनच्या डाव्या बाजूला फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाचं, कव्हर कोणी उघडलं नाही. आत गढूळ पाणी साचलेलं, ते तिथंच सुकलं आणि क्रँकच्या शाफ्टवर (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा दांडा) बरोबर सीलची ओठी, म्हणजे रबराची कड, जिथं टेकते तिथं गंजाचं कडं तयार झालं. दिवाळीनंतर स्लो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग, आपोआप वाढायला लागला. एका गॅरेजमध्ये स्लो स्क्रू कमी करून दिला, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, मग दुसरीकडे कार्ब्युरेटरमध्ये जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट टाकून दिला. फेब्रुवारीत पावागढला जाताना हालोल रोडवर सत्तरच्या स्पीडला इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन तापून अडकला, मागचं चाक घासत गेलं, नशिबानं मागून ट्रक नव्हता. पिस्टन गेला, बोअर करावा लागला. शंभरएक रुपयांच्या सीलपायी.

टू-स्ट्रोकमध्ये सील गळलं म्हणजे काय होतं

फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकचं सील गेलं की ऑईल बाहेर येतं, खाली डाग पडतो, माणसाला कळतं. टू-स्ट्रोकचं तसं नाही. इथं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीतच, येतं, पिस्टन वर जाताना ते आत ओढलं जातं आणि खाली येताना दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं, म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे आणि दोन बाजूंची दोन सील ही त्या पंपाची झाकणं. दर फेरीला त्यांच्यावर एकदा आतून दाब आणि एकदा आत ओढ असते.

डावीकडे मॅग्नेट आहे, तिथं बाहेर नुसती हवा. तिकडचं सील गेलं तर इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, स्लो वाढतो, इंजिन तापतं आणि लांबच्या रस्त्यावर पकडतं. उजवीकडे क्लच आणि गियर ऑईल आहे. तिकडचं सील गेलं तर इंजिन गियर ऑईल पितं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतो जो गाडी तापल्यावरही थांबत नाही, प्लग ओला काळा होतो आणि गियर ऑईलची लेव्हल खाली जाते, पण जमिनीवर थेंब नाही. ऑईल गेलं कुठं म्हणून लोक गॅस्केट बदलत बसतात.

या दोन्हीत मॅग्नेट साइडचं काम इंजिन न उघडता घरी होण्यासारखं आहे, म्हणून मुख्य लिहितोय ते त्याच्याबद्दल. क्लच साइडचं शेवटी थोडक्यात.

आधी खात्री करा की सीलच आहे

मॅग्नेट कव्हर उघडल्यावर आत ऑईल दिसलं म्हणजे क्रँकचं सील गेलं असं लगेच ठरवू नका. त्याच बाजूला गियर लिव्हरच्या शाफ्टचं सील आहे, पुढच्या चेन स्प्रॉकेटमागे अजून एक आहे, तिकडूनही ऑईल येतं. फरक बोटानं कळतो. गियर ऑईल जाड असतं, बोटांमध्ये तार धरतं, वास वेगळा. क्रँक सीलमधून येणारा ओलावा पातळ, काळपट, पेट्रोलचा वास असलेला, आणि तो मॅग्नेटच्या मागून मधोमध सुरू होऊन गोल उडालेला दिसतो. सगळं रॉकेल किंवा डिझेलनं ब्रश मारून पुसून कोरडं करा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून परत उघडा, ताजा ओलावा कुठून सुरू होतो ते तेव्हा नीट दिसेल. आणि कोरडं असलं तरी सील चांगलंच असं समजू नका, माझ्या गाडीत जवळजवळ कोरडं होतं आणि तरी ती हवा ओढत होती.

काही मेकॅनिक चालू इंजिनवर सीलच्या जागी कार्ब क्लीनर मारून स्लो बदलतो का बघतात. कळतं त्यानं, पण तो स्प्रे पेटणारा आहे आणि शेजारी तापलेलं इंजिन आणि ठिणगी आहे, नवीन माणसानं हे करू नये.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हवेची टेस्ट, आणि ती बंद इंजिनवर होते. एक जुना स्पार्क प्लग घ्या, त्याची चिनी माती फोडून काढा, रिकाम्या लोखंडी भागात ट्यूबचा वॉल्व्ह बसवून वेल्डिंगवाल्याकडून किंवा एम-सीलनं पक्का करून घ्या. सायलेन्सर खोला आणि एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर लोखंडी पट्टी पूर्वीच्याच नटांनी आवळा. कार्ब्युरेटर काढून तिथल्या रबरी मॅनिफोल्डमध्ये बरोबर मापाचं लाकडी किंवा रबरी बूच घालून क्लॅम्प घट्ट करा. पिस्टन खाली ठेवा म्हणजे पोर्ट (सिलिंडरमधली भोकं) उघडे राहतील. आता हातपंपानं हवा भरा, पण फक्त ६ पीएसआय, त्याहून जास्त नको, कारण जास्त दाबानं चांगलं सीलसुद्धा जागेवरून बाहेर येतं. कमी पीएसआय दाखवणारं गेज लागेल, टायरचं गेज चालणार नाही, त्यात सहा आकडा दिसतच नाही. सहा मिनिटं थांबा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा कमी उतरलं तर इंजिन ठीक. भराभर उतरलं तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा, आधी सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, मग हेड, मग मॅनिफोल्ड, मग तुम्ही घातलेली बुचं (निम्म्या वेळा तिथंच गळत असतं), आणि शेवटी मॅग्नेटच्या मागे सीलची कड. गियर ऑईल भरायच्या भोकाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि बुडबुडे आले तर क्लच साइड गेली.

माझ्याकडे दीड मिनिटात शून्य झालं होतं. मॅग्नेटमागे फेस नुसता उकळत होता.

सील आणताना

जुनं सील काढून त्यावरचे आकडे वाचा, तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानात नुसतं आरएक्सचं सील द्या असं म्हणू नका, जुनं हातात घेऊन जा आणि समोर समोर ठेवून बघा. गाडी तीस वर्षांची आहे, मधे कोणी काय बसवलंय सांगता येत नाही. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ बनली, त्यामुळे आता दुकानात मिळतं त्यातलं काही वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असतं. ओठी नखानं वाकवून बघा, मऊ असून लगेच परत यायला हवी. मागे बारीक गोल स्प्रिंग असते ती जागेवर हवी. मिळालं तर विटॉनचं, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या खास रबराचं, घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि टू-स्ट्रोकमध्ये हे सील थेट पेट्रोलच्या वाफेत असतं, साधं रबर त्यात लवकर फुगतं किंवा कडक होतं. रंगावरून ठरवू नका, तपकिरी म्हणजे विटॉनच असं नाही, पाकिटावर काय लिहिलंय ते बघा.

मॅग्नेट काढणं

पुलरशिवाय, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायच्या हत्याराशिवाय, हे काम सुरू करू नका. हे मी अगदी मनापासून सांगतो. बरेच ठिकाणी नट थोडा ढिला करून क्रँकच्या टोकावर हातोडी मारून मॅग्नेट सोडवतात आणि ते सुटतंही. पण टू-स्ट्रोकचा क्रँक एका तुकड्याचा नसतो, दोन वेब (जाड चकत्या) आणि मधली पिन प्रेसमध्ये दाबून जोडलेली असतात, टोकावर मारलेला घाव त्या जोडाला बसतो आणि क्रँक थोडासा वाकडा फिरायला लागतो. वाकडा फिरणारा क्रँक नवीन सीलची ओठी काही महिन्यांत खातो. म्हणजे सील बदलायला गेलात आणि सील मारायची सोय करून आलात.

बॅटरीची वायर काढा, गियर लिव्हर काढताना स्प्लाइनवर खूण करा, मग डावं कव्हर. कव्हरचे स्क्रू जुन्या गाडीत घट्ट बसलेले असतात, साध्या पेचकसानं खाचा उडतात, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, एका घावात सुटतात. मग मॅग्नेट पट्ट्याच्या पान्यानं धरून मधला नट गोटीनं खोला. मॅग्नेट अडवायला फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कॉइल तुटते नाहीतर केसचा कान तुटतो. नट आणि वॉशर निघाले की पुलर आधी हातानं फिरवून पूर्ण आट्यांवर बसवा, काही पुलरचे बाहेरचे आटे उलटे असतात, त्यामुळे हातानं फिरत नसेल तर पान्यानं जबरदस्ती नको, आधी दिशा बघा. बसला की मधला बोल्ट आवळत जा. टक असा आवाज येऊन मॅग्नेट सुटतं. नाही सुटलं तर बोल्ट ताणून ठेवा, पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा, चहा पिऊन या.

सुटल्यावर शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्र चावी आधी काढून डबीत ठेवा. ती मॅग्नेटला चिकटून जाते आणि मग लोक ती जमिनीवर शोधत बसतात.

कॉइल प्लेट काढायच्या आधी प्लेट आणि केस दोन्हीवर मिळून एक सरळ रेघ टोकदार खिळ्यानं ओढून ठेवा. या गाडीत पॉइंट नाहीत, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, ठिणगी कधी पडते ते टायमिंग त्या प्लेटच्या जागेवर अवलंबून असतं, रेघ जुळली की टायमिंग जिथं होतं तिथंच परत येतं. फोनवर फोटोही काढा, वायर कशा गेल्यात त्याचा.

जुनं सील काढणं

समोर आता सील दिसेल, मधे शाफ्ट. आधी ते किती खोल बसलंय ते मोजा, व्हर्नियर नसेल तर काडीवर खूण करा. मग आजूबाजूची सगळी माती ब्रशनं आणि कापडानं काढा, कारण सील निघालं की आतलं बेअरिंग उघडं पडतं.

सील काढायचा आकडा मिळतो, तो ओठीखाली घालून ओढला तर बहुतेकदा निघतं, फक्त त्याचं टोक शाफ्टला लागू देऊ नका. नाही निघालं तर सीलच्या लोखंडी कडीत एक बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवून पक्कडीनं ओढायचं. ड्रिलला ग्रीस लावून ठेवा म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो, आणि बिट टोकापासून २-३ मिलिमीटरवर टेप गुंडाळून ठेवा म्हणजे त्याच्या पुढे जाणार नाही, मागे लगेच बेअरिंग आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं नको, केसच्या भिंतीवर ओरखडा पडला की नवीन सीलच्या बाहेरून हवा जायला रस्ता तयार.

शाफ्ट बघा, खरं काम इथं आहे

सील गेलं हा परिणाम आहे. का गेलं ते शाफ्टवर लिहिलेलं असतं. चांगल्या उजेडात शाफ्ट पुसून नख आडवं फिरवा. नुसती चकचकीत रेघ दिसते पण नखाला लागत नाही, तर काही नाही. नख अडकत असेल तर ओठीनं खाच पाडलीय. माझ्या गाडीत खाच नव्हती, तपकिरी खरबरीत कडं होतं, साधारण तीन मिलिमीटर रुंद, वर्तुळाच्या अर्ध्या भागातच, कारण गाडी उभी असताना शाफ्टचा तेवढाच भाग साचलेल्या पाण्यात बुडालेला होता. त्यावर बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागायचं. प्रत्येक फेरीला ते कडं ओठीवरून घासत होतं.

असा गंज असेल तर सील नवीन घालून उपयोग नाही. बेअरिंगच्या फटीवर ग्रीस लावलेलं कापड नीट दाबून बसवा, हजार नंबरच्या वॉटर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, ऑईलमध्ये भिजवून शाफ्टभोवती अर्धी गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून आलटून पालटून ओढा, बूट पॉलिश करतात तसं. घासायची दिशा शाफ्ट फिरतो तीच ठेवा, लांबीच्या दिशेनं घासलं तर पडणाऱ्या रेघांमधून हवा सरळ बाहेर जाते. हाताला गुळगुळीत लागलं की थांबा, जास्त घासलं तर माप कमी होईल. नख अडकण्याएवढी खाच असेल तर नवीन सील आधीच्यापेक्षा एखादा मिलिमीटर बाहेर बसवा, ओठी कोऱ्या जागेवर चालते. फक्त बाहेर बसवताना ते कॉइल प्लेटला टेकत नाही ना बघा.

मग शाफ्ट धरून वरखाली हलवा. जराही खटखट जाणवली तर बेअरिंग संपलंय, नवीन सील टाकून गाडी महिनाभर चालेल आणि परत तेच, तेव्हा पैसे वाचवून इंजिन उघडायची तयारी करा.

नवीन सील बसवणं

शाफ्टच्या टोकावर आटे आहेत आणि चावीची खाच आहे, दोन्ही धारदार. ओठी त्यावरून तशीच ढकलली तर कापली जाते, डोळ्यांना दिसतही नाही. माझी युक्ती सोपी आहे, दुधाची पिशवी धुऊन तिचा चौकोनी तुकडा कापायचा, शाफ्टच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळायचा, वरून टू-टी ऑईलचा (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑईल) हात फिरवायचा आणि सील त्यावरून सरकवायचं. मग पिशवी ओढून काढायची. ओठीला टू-टी ऑईल लावा, कोरडं सील पहिल्या मिनिटात जळतं. स्प्रिंगची बाजू आत, इंजिनकडे. बाहेरच्या कडेला सिलिकॉन वगैरे नको, जास्तीचं सिलिकॉन आत जाऊन बेअरिंगमध्ये फिरतं.

सील हातानं सरळ टेकवा, मग त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान पीव्हीसी पाइपचा तुकडा त्यावर ठेवून हलके ठोके द्या, प्रत्येक ठोक्यानंतर चारी बाजूंनी किती आत गेलंय बघा. तिरकं गेलं तर ठोकून सरळ करू नका, काढा आणि पुन्हा सुरू करा. थंडीत केस आधी हेअर ड्रायरनं गरम केली तर सोपं जातं.

मग प्लेट रेघेवर, चावी खाचेत, शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक थिनरनं पुसून एकदम कोरडं, तिथं ऑईलचा थेंबही नको. मॅग्नेट, वॉशर, नट, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोरानं, आवळा. कव्हर लावायच्या आधी ती हवेची टेस्ट पुन्हा करा. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण करा. नंतर एक्झॉस्टवरचा ट्यूबचा तुकडा काढायला विसरू नका.

आता कार्ब्युरेटर. गळती लपवायला कोणी मोठा जेट टाकला असेल, सुई वर केली असेल, तर ते सगळं मूळ जागेवर आणा, नाहीतर आता गाडी जास्त पेट्रोल पिऊन काळा धूर काढेल आणि तुम्हाला वाटेल सीलच चुकलं.

क्लच साइडचं सील असेल तर उजवं कव्हर, क्लच, प्रायमरी गियर सगळं निघतं, आणि काही इंजिनांत त्या सीलच्या बाहेरच्या कडेला उंचवटा असतो, ते केस दोन भागांत उघडल्याशिवाय बसतच नाही. पहिल्याच खेपेला हे करू नका. टू-स्ट्रोकचा जाणकार मेकॅनिक गाठा, हवेच्या टेस्टचा निकाल सांगा, आणि इंजिन उघडणारच असेल तर दोन्ही सील आणि दोन्ही बेअरिंग एकदमच टाकून घ्या. काढलेलं गियर ऑईल मात्र गटारात ओतू नका, आपली सगळी गटारं शेवटी विश्वामित्रीतच जातात आणि तिथं मगरी आहेत, कासवं आहेत.

ज्यांची गाडी पुरात बुडाली होती आणि मॅग्नेट कव्हर अजून उघडलेलं नाही, त्यांनी या रविवारी उघडा. गाडी छान चालत असेल तरी. पाच-सहा स्क्रूचं काम आहे.

बाबांच्या गाडीचं काम मार्चमध्ये झालं. दोनशे किलोमीटरनंतर मी कव्हर परत उघडलं, कॉइल प्लेटवर बोट फिरवलं, बोटाला नुसती कोरडी धूळ लागली. शेजारी बाबा टॉर्च धरून उभे होते, त्यांनीही स्वतः बोट फिरवून बघितलं.